आधी भुई, मग भिंत

मराठीत एम. ए. करणाऱ्याला ‘पुढे काय?’ हा प्रश्न जितक्या वेळा ऐकावा लागतो, तितक्याच वेळा ‘म्हणजे बागकामच ना?’ हा प्रश्न लँडस्केप आर्किटेक्चर शिकू पाहणाऱ्याला ऐकावा लागतो. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक असल्याने पहिल्या प्रश्नाची आम्हांला सवय आहे. दुसरा आमच्या घरात आला तो कन्येमुळे. बारावीनंतर तिला इमारत नव्हे, इमारतीभोवतालची जमीन शिकायची होती. चौकशीअंती कळले, की आपल्याकडे हा विषय सहसा पदवीला मिळत नाही. आधी पाच वर्षे वास्तुकला आणि मग दोन वर्षे पदव्युत्तर अभ्यास, असा त्याचा मार्ग आहे. ती आता पुण्यात वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची इंग्लंडमध्ये वाढलेली मामेबहीण मात्र शेफील्डला हाच विषय थेट पदवीला शिकते. दोघींची रेखाटने शेजारी ठेवून पाहताना आमच्या मनात जे आले, ते येथे मांडतो आहोत.

प्रथम शब्दाविषयी. ‘भूदृश्य’ हा आपला पर्यायी शब्द जमिनीला पाहण्याची वस्तू करतो. अर्थात मूळ इंग्रजी शब्दही निर्दोष नाही. तो डच चित्रकारांच्या परिभाषेतून इंग्रजीत आला. म्हणजे चौकट आधी आली आणि जमीन मागून. या विषयाचा विद्यार्थी मात्र जमीन पाहत नाही, वाचतो. पाणी कोठून येते, कोठे मुरते, माती किती खोल आहे, दुपारची सावली कोठे पडते, लोक आखलेली वाट सोडून कोठून चालतात, हे त्याचे पाठ्य असते.

या विषयाचे औपचारिक शिक्षण सुरू झाले तेच पदवीच्या पातळीवर. १९०० साली हार्वर्डमध्ये धाकट्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने पहिला अभ्यासक्रम उभा केला, तो चार वर्षांच्या पदवीचा होता. त्याच्या वडिलांनी कॅल्व्हर्ट व्हॉक्ससह १८५८ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची स्पर्धा जिंकली होती. या थोरल्या ओल्मस्टेडजवळ कोणतीही पदवी नव्हती. शेती आणि पत्रकारिता करून तो या कामाकडे आला होता. भारतात मात्र १९७०च्या दशकात दिल्लीला हे शिक्षण सुरू झाले ते पदव्युत्तर पातळीवर, आणि मुख्य वाट अजूनही तीच आहे.

या क्रमाने काय घडते, ते दोन बहिणींच्या पहिल्या वर्षाच्या कागदांवर दिसते. आमच्या मुलीच्या आराखड्यात भिंती ठळक, मापे काटेकोर, आणि उरलेल्या जागेत हिरवी वर्तुळे. त्या वर्तुळांना ना नाव, ना वय. भाचीच्या कागदांवर पहिले काही महिने इमारतच नाही. एक उतार, त्यावरच्या समोच्च रेषा आणि पाण्याची दिशा दाखवणारे बाण. मग माती, वनस्पती, पाणी, वापर यांचे वेगवेगळे पारदर्शक कागद एकावर एक ठेवून कोठे बांधावे आणि कोठे मुळीच बांधू नये हे ठरवायचे. इयन मॅकहार्गने १९६९च्या ‘डिझाइन विथ नेचर’मधून ही रीत सर्वदूर पोहोचवली. नंतरच्या एका पाठात खोदाईतून निघणारी माती भराईला पुरेल असा उतार आखायचा होता, म्हणजे मातीचा एकही ट्रक आत येऊ नये की बाहेर जाऊ नये. झाडही आज लावलेले रोप म्हणून नव्हे, वीस वर्षांनंतरच्या विस्तारासह काढायचे. अठराव्या वर्षी अडतिसाव्या वर्षाची सावली आखायला शिकवणारा दुसरा अभ्यासक्रम आम्हांला ठाऊक नाही.

गेल्या डिसेंबरात भाची आली, तेव्हा दोघी आंबील ओढ्याच्या काठाने हिंडल्या. हा ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावून मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री तो पात्र सोडून वस्त्यांत शिरला. त्या पावसात पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचे चिखलाचे पाणी आमच्या मुलीने तेव्हा जिन्यातून पाहिले होते. या विषयाची तिची ओढ तेथूनची आहे. भाचीने आमच्यापैकी एकीला विचारले, “आत्या, तळ्यातला गणपती म्हणतात, मग तळं कुठे आहे?” नानासाहेब पेशव्यांच्या काळात या ओढ्याचे पाणी पर्वतीच्या पायथ्याशी अडवून तळे केले गेले आणि विसाव्या शतकात तेथे सारसबाग झाली. तळे गेले, पण नाव राहिले. नकाशा विसरला ते भाषेने जपले, आणि ते वाचायला जमीन शिकणारी मुलगी यावी लागली.

थेट पदवीच्या बाजूने सारेच आहे असे नव्हे. आपल्याकडे १९७२च्या वास्तुविशारद कायद्याने वास्तुविशारदाला नोंदणी आहे. भूदृश्यरचनाकारासाठी तसा वेगळा कायदा नाही. उद्या भाची येथे आली, तर तिच्या पदवीला कोणते दार उघडेल, हा प्रश्न खराच. आमच्या मुलीची वाट लांबची, पण सुरक्षित. पालक म्हणून आम्हांला ती पटली. शिक्षक म्हणून मात्र असे वाटते, की पाच वर्षे भिंत हेच कर्तृपद मानून लिहिलेल्या हाताला सहाव्या वर्षी जमीन कर्तृपदी बसवणे सोपे जात नसणार. पहिल्या वर्षी शिकलेले व्याकरण सहजी सुटत नाही.

येथे आपल्यासारख्यांचे एक काम आहे. गावठाणाची ती पांढरी आणि पिकाची ती काळी, या दोन शब्दांत जमिनीच्या वापराचे अख्खे धोरण सामावले होते. कोकणातले सडा, वरकस, खाचर, वहाळ हे शब्द म्हणजे उतार, माती आणि पाणी यांची नोंदवहीच. आपण ते ग्रामीण साहित्याच्या तासाला शब्दार्थ म्हणून सांगतो आणि पुढे जातो. आमच्या मुलीने या सत्रातल्या आराखड्यावर त्यांतले चार शब्द लिहिले आणि प्रत्येकाची हद्द आखली. ‘वरकस’ची हद्द आखताना ती अडली. जमिनीचा नेमका कितवा उतार म्हणजे वरकस, असे तिने आम्हांला विचारले. उत्तर कोशात मिळण्याजोगे नाही. त्यासाठी उन्हाळ्याच्या सुटीत तिघांनी रत्नागिरीकडे जायचे ठरले आहे.