कल्चरचा रिपोर्ट

१
धाराशिव, औषधाचं दुकान. "घसा धरलाय, जरा पावरची गोळी द्या. दोन दिवसांच्याच द्या." अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, एवढंच ती सांगते.

२
औषध नियमांतलं शेड्यूल एच-१ लागू झालं १ मार्च २०१४ला. त्यातलं अँटिबायोटिक विकलं की रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहायचे. वही तीन वर्षं जपायची.

३
अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट चिवट होतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५मध्ये नोबेलच्या भाषणातच बजावलं होतं. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी त्यानंतरची, १९५४ची; म्हणजे इशारा आधीचा, आपली कंपनी नंतरची.

४
मुंबई, माहीम. हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९मध्ये कार्बापेनेम या राखीव अँटिबायोटिकला दाद न देणारे २४ जंतू तपासले. त्यांपैकी २२ जंतूंत एनडीएम-१, म्हणजे ते औषध निकामी करणारं विकर, सापडलं. मार्च २०१०मध्ये ते छापून आलं. ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये लेख आला आणि देशभर वाद पेटला, तो एनडीएममधल्या 'नवी दिल्ली' या नावावरून. त्या २२ जंतूंवर तेवढं बोललं गेलं असतं तर बरं झालं असतं.

५
औषधाला दाद न देण्याचा हा गुण बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतो. जंतू तो पुढच्या पिढीला देतो, तसाच शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही.

६
असिनेटोबॅक्टर हा रुग्णालयातला जंतू कोरड्या जागी आठवडेच्या आठवडे तग धरतो. पलंगाचा कठडा, सलाईनचा स्टँड, भेटायला आलेल्या पाहुण्यांचा मोबाईल.

७
असे जंतू हातांवरून पसरतात, आणि साबणाने हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. आपला धाराशिव जिल्हा टँकरचा. रुग्णालयाचं पाणी औषधांच्या यादीतच धरावं, असं मला ठाम वाटतं.

८
कल्चर म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं. त्यासाठी रक्त घ्यायचं ते शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. रिपोर्टला दोन-तीन दिवस. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला रुग्ण तेवढा थांबू शकत नाही. डॉक्टर मोठं, अनेक जंतूंवर चालणारं औषध सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. रिपोर्ट आला की नेमक्या, लहान औषधावर यायचं. पण तोवर परंड्याचा रुग्ण बार्शीला, उमरग्याचा सोलापूरला किंवा लातूरला हलवलेला असतो. रुग्ण पुढे, रिपोर्ट मागे. नव्या दवाखान्यात पुन्हा मोठंच औषध. रेफरच्या चिठ्ठीवर 'कल्चर पाठवलं, अमुक तारखेला' एवढी एक ओळ आणि लॅबचा फोन नंबर हवा.

९
धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२मध्ये सुरू झालं. म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आलाच. कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही, याचा तक्ता दरवर्षी निघावा आणि कळंब, भूम, लोहाऱ्याच्या खासगी डॉक्टरांच्या टेबलावरही पोचावा.

१०
कोलिस्टिन हे मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून मागे पडलेलं जुनं औषध. कार्बापेनेम चालेना की आयसीयूत आता तेच काढावं लागतं. कोंबड्या लवकर भराव्यात म्हणून ते खाद्यात घातलं जाई. केंद्राने त्यावर बंदी घातली २०१९मध्ये.