पुढचा ब्रेक आणि मागचं कुलूप

पुण्याहून लंडनला आल्यावर पाच महिन्यांतच माझी सायकल चोरीला गेली. वाचनालयाबाहेरच्या लोखंडी कमानीला बारीक केबल गुंडाळून ती लावली होती. दीड तासाने बाहेर आलो, तर फुटपाथवर फक्त कापलेली केबल. पुण्यात कुलूप म्हणजे मागच्या चाकाचं, स्पोकमधून आडवं जाणारं. त्यापुढे मला काही ठाऊक नव्हतं. तक्रार नोंदवताना फ्रेमचा नंबर विचारला गेला. तो पायडलांच्या आसाखाली, सायकलच्या पोटाला सहसा कोरलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरी सायकल मी स्वतः जुळवली, फिक्स्ड गिअरची. हिला फ्री-व्हील नसतं. मागचं चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतंच. लंडनचा मधला भाग बराचसा सपाट, त्यामुळे एका गिअरवर भागतं. गिअरच्या केबली नाहीत, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारं डिरेल्यर नाही. पावसात बिघडायला काही नाही आणि चोराला सोडवून न्यायलाही कमी.

जुनी स्टीलची फ्रेम घेतली. मागचा आस आडव्या खाचेत बसतो ना, एवढं आधी पाहिलं, कारण चेनचा ताण चाक मागे-पुढे सरकवूनच जमवावा लागतो. चेन मधोमध दाबली की जेमतेम एक सेंटिमीटर हलावी. सैल राहून ती उतरली, तर मागचं चाक जागीच जाम होऊ शकतं. मागच्या चाकाच्या दातेरी चकतीवर, म्हणजे स्प्रॉकेटवर, उलट्या आट्यांची रिंग कसली. पाय मागे रेटताना स्प्रॉकेट सुटू नये म्हणून ती हवीच. पुढे 46 दाते, मागे 17. ओळखीतल्या एकाने 48 आणि 16 सुचवले होते. पण हे गुणोत्तर नेमकं तीन येतं, त्यामुळे थांबण्यासाठी पाय अडवून मागचं चाक घसरवलं की टायर दर वेळी एकाच जागी झिजतो. 46 आणि 17 मध्ये ती झीज 17 जागी वाटली जाते. अमेरिकेतले सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राउन 2008 मध्ये गेले. पण फिक्स्ड गिअरच्या सायकलींबद्दलचं त्यांचं लिखाण मला रोज गुरूसारखं उपयोगी पडलं.

पहिल्याच सिग्नलला सवयीने पाय थांबवले आणि पायडलने मला सीटवरून उचललं. आठवडाभर मग रिकाम्या गल्लीतच सराव केला. पुढचा ब्रेक मी पहिल्या दिवसापासून लावला. 1983 च्या ब्रिटिश नियमांत फिक्स्ड चाकाला मागच्या ब्रेकची सूट आहे, पुढच्याची नाही. 2016 मध्ये इथल्याच ओल्ड स्ट्रीटवर, पुढचा ब्रेक नसलेल्या अशा सायकलची धडक बसून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीचा जीव गेला. ब्रेकशिवाय सायकल देखणी दिसते म्हणणाऱ्यांना मी हे प्रत्येक वेळी सांगतो.

कुलपाच्या बाबतीत मी एकच गोष्ट शिकलो: चोराचा वेळ गेला पाहिजे. कुलपांची चाचणी करणाऱ्या ‘सोल्ड सिक्युअर’ची गोल्ड श्रेणी असलेलं छोटं यू-लॉक घेतलं. मागचं चाक, फ्रेमचा उभा पाइप आणि कमान तिन्ही त्यात येतात आणि आत पहार घालायला जागा उरत नाही. चाकांचे नट 15 मिलिमीटरच्या पान्याने क्षणात सुटतात, म्हणून पुढच्या चाकाला जाड साखळी. दोन जातींची कुलपं तोडायला दोन वेगळी हत्यारं लागतात. फ्रेमला मुद्दाम मळकट राखाडी रंग दिला, पोलिस वापरतात त्या ‘बाइकरजिस्टर’वर नोंद केली. रात्री सायकल घरात, जिन्याखाली.

तीन हिवाळे झाले, सायकल माझ्याकडेच आहे. पक्कं कुलूपही कापलं जाऊ शकतं, हे मी जाणतो. पण शेजारच्या सायकलीपेक्षा माझी नेणं अवघड असावं, एवढं माझ्या हातात आहे.

तुम्ही पुण्यात असा की लंडनमध्ये, सायकल घेताना कुलपाचे पैसे आधी बाजूला काढा. फिक्स्ड गिअर घेतलीत, तर पुढचा ब्रेक कधीही काढू नका. आणि आज घरी गेल्यावर सायकल उलटी करून फ्रेमचा नंबर वहीत लिहून ठेवा.