कवटीवरून बुद्धी

मुलुंडहून स्लो लोकलनं कुर्ला, तिथून रिक्षानं कलिना. वंश आणि बुद्धी यांची सांगड मानसशास्त्रानं-मानवशास्त्रानं कशी घातली, हे ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात धुंडाळते. घरचे चेष्टेनं म्हणतात, ‘आल्या बर्लिनहून!’

बर्लिन, कारण मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे. मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली शिकून १९२०च्या दशकाअखेर त्या बर्लिनला मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशरकडे पीएच.डी.ला गेल्या. गोऱ्यांची तर्कबुद्धी सरस, म्हणून त्यांच्या कवट्यांच्या दोन बाजूंत फरकही जास्त असणार, हा गुरूंचा कयास. इरावतीबाईंनी १४९ कवट्या तपासल्या. वंशाशी काही संबंध सापडेना, आणि तसं त्यांनी प्रबंधात मांडलंही. परक्या देशात, तेही गुरूंच्याच कयासाविरुद्ध!

पुढे महाराष्ट्रातल्या जातींची शरीरमापं मात्र त्यांनीही घेतली. हे तिला खुपतं.

आंबेडकरांची तऱ्हा निराळी. १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये घुर्यांच्या पुस्तकातली नाकाची मापंच पुढे करून त्यांनी अस्पृश्यांचा वंश वेगळा असल्याचा दावा खोडून काढला. ती पानं झेरॉक्सला दिली, तर काउंटरवरचा पोरगा आरशात बघत म्हणाला, “मॅडम, माझं कशात बसतं?”