आश्विनातली छाटणी

पाऊस परतला की पुण्याच्या हवेला महिनाभर कसलाच धरबंध राहत नाही. दुपारी ऊन भाजून काढतं आणि पहाटे पायाशी ठेवलेली चादर वर ओढावी लागते. या ऑक्टोबर हीटला सगळेच नावं ठेवतात. मला मात्र बागेसाठी वर्षातला हाच महिना सर्वांत मोलाचा वाटतो. कुंपणावर गोकर्ण अजून निळाशार आहे, दसऱ्याच्या तोरणासाठी खुडलेला झेंडू पुन्हा भरून आलाय, उन्हं कलली की गुलबक्षी उघडते. तेरडा तेवढा संपत आला. त्याच्या पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लागलं तरी ते तडकन उकलतं, त्याची सालं आत वळतात आणि बी मातीवर उडतं. पुढच्या पावसाळ्याची पेरणी तो आपली आपण उरकून जातो.

युरोप-अमेरिकेच्या थंड मुलखात याच सुमारास बाग झाकायला घेतात. पहिल्या हिमानं डेलियाची पानं काळी पडली की त्याचे कंद उकरायचे आणि हिवाळाभर कोरड्या, न गोठणाऱ्या जागी ठेवायचे, अशी तिथली रीत. आपल्याकडे हेच कंद पावसात कुजू नयेत म्हणून पावसाळाभर कोरड्या वाळूत ठेवतात आणि आता लावायला बाहेर काढतात. मेक्सिकोच्या डोंगरातलं हे झाड. दोन्हीकडे त्याला वर्षातून एकदा अंधारात मुक्काम असतो, ऋतू तेवढा उलटा. दख्खनची थंडी हा फुलांचा खरा हंगाम. पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी यांची रोपं आत्ताच वाफ्यात बसली, तर पौष-माघात डोळ्यांचं पारणं फिटतं.

जिवावर येतं ते गुलाबाचं काम. पावसाळ्यात तो नुसता उंच होतो. पानांवर काळे ठिपके, फांद्या काटकुळ्या, फुलं लहानखुरी. तरी शेंड्यावर दोन-चार कळ्या हटकून असतात आणि त्याच आपला हात धरतात. छाटायचं तर कळ्यांसकट छाटावं लागतं. आमचे माळीकाका म्हणतात, "ताई, कळीकडं बघू नका, डोळ्याकडं बघा." पानाच्या बेचक्यातला तो तांबूस फुगवटा. बाहेर तोंड केलेला डोळा निवडायचा आणि त्याच्या पाव इंच वर, पाणी ठरणार नाही असा तिरका काप घ्यायचा. मग कापलेलं तोंड न्याहाळायचं. कडेला हिरवी रेघ आणि मध्ये पांढरा गाभा असला तर फांदी निरोगी. गाभा तपकिरी दिसला तर आणखी खाली जायचं, पांढरा लागेपर्यंत. कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट. खुंटातून फुटलेला रानटी फुटवा मुळापासून काढायचा. आठवडा-दहा दिवसांत उघड्याबोडक्या फांद्यांवर तांबडी पालवी दिसते, दीडेक महिन्यात फूल. थंडीतलं हे फूल पाकळ्या भरून येतं, रंगानं गडद असतं आणि झाडावर टिकतं. उन्हाळ्यात तेच झाड एक-दोन दिवसांत फूल सांडून मोकळं होतं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथं गुलाब मांडणारे तर तारीख उलटी मोजून कात्री हातात घेतात.

नाशिककडे द्राक्षबागांतही सध्या हेच चाललेलं असतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढलेल्या काड्यांच्या डोळ्यांत घड आधीच घडलेला असतो. ऑक्टोबर छाटणी त्याला बाहेर काढते. पुढे निफाडला पारा कधी पाच अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटेच्या काळोखात बागेत शेकोट्या पेटवतात, वेलींना पाणी सोडतात. थंडीपासून झाडं जपणं काय असतं, ते तिथं पाहावं. आमच्या परसातली काळजी त्यापुढे काहीच नाही.

शेवंतीला मात्र आता कात्री लावायची नाही. तिचे शेंडे श्रावणातच खुडून झाले. आता तिला हवा काठ्यांचा आधार, आणि अंधार. रात्री लांबत गेल्या की तिला कळी धरते. झाडं दिवस-रात्रीची लांबी ओळखतात, हे अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडलं. आमच्या गल्लीत ते रस्त्यावरच्या दिव्याखाली दिसतं. उजेडाच्या बाजूच्या कुंड्या हिरव्यागार, पानांनी भरगच्च आणि कळीचा पत्ता नाही. भिंतीच्या सावलीतल्या त्याच वाणाच्या झाडांवर मात्र हिरव्या बटणांएवढ्या कळ्या दाटलेल्या.

म्हणून कोजागिरी झाली की दिव्याजवळच्या कुंड्या घरामागे न्यायच्या. ओल्या मातीच्या कुंड्या जड असतात, काठ्या हलू द्यायच्या नसतात, दोघांनी धरूनच न्याव्या लागतात. शेजारच्या काकू मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेसाठी फुलं मागायला येतात, तेव्हा त्यांची परडी भरेल एवढी पिवळी शेवंती झाडावर हवी.