पात्याचा सांधा

बल्लारशाची ओळख सागवान घेणाऱ्याला करून द्यावी लागत नाही. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड गेलं ते इथूनच. माझे बाबा तिथल्या एका सॉ मिलमध्ये लाकूड मोजायला होते. ओंडक्याचा घेर घ्यायचा, लांबी घ्यायची आणि वहीत घनफूट मांडायचे. शाळा सुटली की मीही मिलमध्ये जायचो, पण माझं लक्ष वहीकडे कधीच नसायचं. दोन भलीमोठी चाकं, एक खड्ड्यात आणि एक डोक्याच्या वर, आणि दोन्हींवरून सुसाट फिरणारं चार बोटांहून रुंद पोलादी पातं. हातकरवत पुढे जाते, मागे येते, आणि त्यातली एक खेप फुकट जाते. या यंत्राचं, म्हणजे बँड सॉचं, पातं मात्र थांबत नाही, मागे फिरत नाही. दात सतत खालच्या दिशेनं धावतात, म्हणून लाकूड उसळत नाही, उलट बैठकीवर दाबलं जातं. ट्रॉली पुढे सरकायची, फळी सुटी व्हायची, आणि ओल्या सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास सगळ्या आवारात भरून राहायचा.

पण मिलचा जीव होता मागच्या शेडमध्ये, पाती नीट करणाऱ्या मिस्त्रींकडे. बाहेरगावचे लोक त्यांना सॉ डॉक्टर म्हणायचे. ते पातं लांब बाकावर पसरून हलक्या हातोडीनं ठोकत बसत. मग त्यावर आडवी पट्टी धरून पलीकडच्या उजेडाकडे बघत. पट्टीखालून मध्यभागी उजेडाची बारीक रेघ दिसली की त्यांचं समाधान व्हायचं. पात्याचा मधला भाग किंचित ताणलेला हवा, म्हणजे कापताना कडा तापून पसरल्या तरी ढिल्या पडत नाहीत, हे मला खूप नंतर, डिप्लोमा करताना समजलं. मिस्त्रींना ते हातातून ठाऊक होतं. पातं तुटलं की दोन्ही टोकं घासून उतरती करायची, एकावर एक बसवायची, टाकणखार लावून डाख द्यायचा. निवाल्यावर कानस, पुन्हा कानस. मग मला बोलवायचे. “डोळे मिटून बोट फिरव. सांग बरं, सांधा कुठी आहे?” बोटाला सांधा लागला, की ते न रागावता पुन्हा कानस उचलत.

या सांध्यानंच बँड सॉला अनेक वर्षं अडवून ठेवलं होतं. अशा करवतीचं पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात घेतलं होतं. पण चाकावरून वाकताना, सुटताना, पुन्हा वाकताना पातं जोडाशी तुटायचं. १८४६ मध्ये अ‍ॅन पोलिन क्रेपां या फ्रेंच बाईंनी पात्याची टोकं जोडण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. ती पद्धत आणि जास्त चांगलं पोलाद, दोन्ही हाताशी आल्यावर पॅरिसच्या पेरँ कंपनीनं टिकाऊ पाती बनवली आणि बँड सॉ खऱ्या अर्थानं कारखान्यात आला. यंत्रांच्या इतिहासात क्रेपांबाईंना जेमतेम एक ओळ मिळते. मला ती ओळ मोटारच्या शोधाइतकी मोठी वाटते.

नोकरी भोसरीला लागली आणि लाकूड सुटलं. इथला बँड सॉ आडवा. ईएन-८च्या गोल सळया शिकंज्यात धरायच्या, वरून कूलंटची पांढरी धार, आणि पातं इतकं सावकाश की दात डोळ्यांनी दिसावेत. बल्लारशाहून आलेल्या मला सुरुवातीला ते यंत्र आजारी वाटलं होतं. पण कारण साधं आहे. लाकडासाठी पातं मिनिटाला ९०० मीटर किंवा त्याहूनही जास्त वेगानं पळवतात, साध्या पोलादासाठी ६० ते ९० मीटर पुरे, स्टेनलेसला त्याहूनही कमी. लाकडाच्या वेगानं पोलाद कापायला गेलं तर साध्या कार्बन स्टीलच्या दातांचं पाणी काही सेकंदांत उतरतं. म्हणून धातूसाठी बायमेटल पातं: पाठ लवचिक पोलादाची, दात हायस्पीड स्टीलचे, एम-४२ असेल तर त्यात आठ टक्के कोबाल्ट. वेग बरोबर आहे की नाही हे मीटरपेक्षा चुरा लवकर सांगतो. सैल, कुरळा, रुपेरी चुरा पडला तर सगळं ठीक. निळसर पडला तर पातं तापतंय. पिठासारखा पडला तर दात कापत नाहीत, नुसते घासतायत.

निवृत्तीनंतर पुण्यात काही जणांनी मिळून वर्गणीवर कार्यशाळा सुरू केली, त्यात मीही सामील झालो. शिल्पकार आहेत, आर्किटेक्चरची मुलं आहेत, लाकडी खेळणी करणाऱ्या दोघी बहिणी आहेत, सायकलच्या फ्रेमी जोडणारा एक तरुण आहे. एकाच छपराखाली लाकूड आणि लोखंड दोन्ही हाताळावं, हा विचार आपल्याकडे नवा नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम काढला तो १९८३ मध्ये, आणि २००२ पासून तिथं फॅब लॅब आहे. गावातल्या मुलांनी हातानं करून शिकावं हा त्यांचा आग्रह मला आजही पटतो.

आमच्याकडे पहिला मोठा प्रश्न आला तो बँड सॉचाच. पैसे होते एका चांगल्या यंत्रापुरते. दोन्ही कापणारी यंत्रं बाजारात मिळतात, पुली बदलायची किंवा गिअर टाकायचा की वेग उतरतो. सायकलवाला म्हणाला, “काका, लाकडाचंच मशीन घेऊ आणि व्हीएफडी बसवू. नॉबनं स्पीड कमी करता येईल.” त्याला कागदावर मांडून दाखवलं. वेग दहाव्या हिश्शावर आणला की मोटारची ताकदही साधारण तितकीच उतरते, शिवाय मोटारचा स्वतःचा पंखा मंद होतो आणि ती तापते. गिअरला पर्याय नाही. त्यानं ते लगेच मानलं.

तरीही गिअरचं एकच यंत्र घ्यायला मी ठाम नकार दिला. घरी एकट्याला ते उत्तम आहे. आज लोखंड, उद्या लाकूड, मध्ये तासभर साफसफाई. यंत्र कुठल्या अवस्थेत ठेवलंय हे त्यालाच माहीत असतं. सामायिक जागेत ते कुणालाच माहीत नसतं. सकाळी कुणी चौकोनी पाइप कापला, संध्याकाळी खेळणीवाल्या बहिणींपैकी एक शिवणाची फळी घेऊन आली. पातं बारीक दातांचं आहे, वेग उतरवलेला आहे, टेबलावर कूलंटचा ओशट थर आहे. फळीला तेल लागलं की त्यावर पॉलिश धरत नाही. लाकडाच्या यंत्राच्या चाकांना रबर असतं, त्यात लोखंडाचे कण रुततात आणि पातं चाकावर नीट धावत नाही. सर्वांत वाईट म्हणजे खाली साठलेल्या भुशात तापलेला कण पडला तर तो तासभर नुसता धुमसत राहतो, आणि आग लागते ती सगळे घरी गेल्यावर.

म्हणून सामायिक यंत्र निवडताना मी पुढच्या माणसाचा विचार आधी करतो. विक्रेते एचपी आणि उंची सांगत होते, मी वेगळंच विचारत होतो. पात्याचा ताण एका दांड्यानं सैल होतो का? गाइड पान्याशिवाय सरकतो का? या लांबीचं पातं इथंच, पुण्यात मिळेल का? चाक केवढं आहे? पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतकी असावी, नाहीतर वाकून वाकून त्याला तडे जातात. छोट्या चाकावर कुणीतरी जाड पातं चढवणार हे मी धरूनच चालतो. बराच वाद झाला, आणि शेवटी दोन यंत्रं आली. लाकडासाठी जुना, ओतीव लोखंडाचा उभा बँड सॉ, आणि दुसऱ्या खोलीत धातूसाठी छोटा आडवा. मोठ्या यंत्राची रुंदी आणि उंची आम्ही सोडून दिली, शिल्पकारांना ते अजूनही खटकतं. जाड ओंडके ते टिंबर मार्केटमधून चिरून आणतात. दोन्ही यंत्रांवर भिंतीला एक तक्ता आहे: पात्याचे दात किती, आणि किती जाडीसाठी. कमीत कमी तीन दात मालात असलेच पाहिजेत, हा त्यातला एकच नियम मी लाल रंगात लिहिला. पातळ पत्र्यावर मोठे दात अडकतात आणि तुटतात.

अ‍ॅल्युमिनियमवरून अजूनही वाद होतो. ते लाकडाच्या वेगानंही छान कापलं जातं, हे खरं. माझ्या स्वतःच्या यंत्रावर मी कापलंही असतं. पण आज अ‍ॅल्युमिनियमला परवानगी दिली तर उद्या लाकडाच्या यंत्राच्या टेबलावर पितळ येईल आणि परवा लोखंडी पट्टी, म्हणून तिथं धातू नाही म्हणजे नाही.

आता एका विद्यार्थिनीला जाड पट्टीच्या आतून नक्षी कापायची आहे, कडेला कुठेही चीर न देता. त्यासाठी धातूचा उभा बँड सॉ लागतो. शिवाय पातं तोडून, भोकातून ओवून, तिथंच पुन्हा जोडावं लागतं, म्हणजे ब्लेड वेल्डरही आला. जोड ठिसूळ राहू नये म्हणून तो पुन्हा मंद लाल तापवून हळूहळू निववावा लागतो, मग घासायचा. पुढच्या बैठकीत दोन्हींचा खर्च मांडणार आहे. मुलीनं मला विचारलं, “काका, वेल्ड जमलाय हे कळतं कसं?” तिला म्हटलं, आधी तुटक्या पात्याचे चार-पाच तुकडे आण, आणि कानस आण. डोळे मिटून बोट फिरवायला शिकवतो.