टाकी आधी धुवा

‘यंदा बिअरवर लिहा, पण रसायनशास्त्र जरा आवरा,’ असं संपादकांनी फोनवरच बजावलं. फराळाच्या पाककृतींशेजारी कॉस्टिक सोडा छापायचा म्हणजे त्यांची पंचाईत, हे मला कळतं. माझी पंचाईत वेगळी. मी बिअर बनवत नाही. ती ज्या टाक्यांत आणि नळ्यांत बनते, त्या धुण्याची व्यवस्था लावून देतो. रसायन काढलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘दारूच ना ती? मग तिच्यात जंतू जगतात कसे?’ जगतात, मजेत जगतात. कोरोनाच्या काळात आपण हातांना जे चोळत होतो त्यात सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोल असायचं. बिअरमध्ये असतं पाचेक टक्के. माणसाला आजारी पाडणारे जंतू मात्र तिच्यात सहसा वाढत नाहीत. अल्कोहोल, हॉप्सचा कडूपणा, चारच्या आसपासचा पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि प्राणवायूची वानवा, एवढं सगळं एकदम त्यांना सोसत नाही. लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकसच्या काही जातींना सोसतं. पहिला बिअर आंबट करतो, दुसरा तिला लोण्याचा वास आणतो. लुई पाश्चरनं १८७६ साली बिअरच्या रोगांवर अख्खा ग्रंथ लिहिला, तो असल्याच पाहुण्यांपायी. मोठे कारखाने बिअर गाळतात, पाश्चराइज करतात. मायक्रोब्रुअरीत बहुधा यातलं काही होत नाही; टाकीत शिरलेला जंतू थेट ग्लासापर्यंत पोचतो.

आता थोडं रसायन; संपादकांनी हा परिच्छेद ओलांडावा. बिअर काढून घेतली की टाकीच्या भिंतीला यीस्ट, प्रथिनं आणि हॉप्सची राळ चिकटून राहते. ती सोडवायला दीड-दोन टक्क्यांचं गरम कॉस्टिक फिरवतात. त्यालाही न जुमानणारा एक पांढुरका थर असतो, बिअरस्टोन. तो मुख्यतः कॅल्शियम ऑक्झलेटचा. त्यासाठी नायट्रिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड लागतं. एवढं झाल्यावर, स्वच्छ स्टीलवर, सॅनिटायझरची पाळी येते. बहुतेक ठिकाणी ते पेरॲसेटिक ॲसिड असतं, लिटरला १०० ते २०० मिलिग्रॅम. वास व्हिनेगरचा, पण नाकात झोंबणारा. समोर येईल त्याचं ऑक्सिडीकरण करत सुटायचं, हा त्याचा स्वभाव. समोर आधी प्रथिनांचा थर आला, तर त्याची ताकद तिथेच संपते आणि थराखालचे जंतू सुखरूप राहतात. खरकट्या पातेल्यावर अत्तर शिंपडावं, तसा हा प्रकार.

लेबलावर ९९.९९९ टक्के लिहिलेलं असतं, ते खोटं नसतं. अमेरिकेतल्या प्रमाणित चाचणीत अन्नाशी संबंध येणाऱ्या पृष्ठभागांच्या सॅनिटायझरला ३० सेकंदांत एवढे जंतू मारून दाखवावे लागतात. तरीही कोटीतले शंभर उरतात. शिवाय ही चाचणी द्रवात सुट्या तरंगणाऱ्या जंतूंवर होते. गॅस्केटच्या फटीत चिकट थर करून राहिलेले जंतू त्या परीक्षेला बसलेलेच नसतात.

आता माझं आवडतं भांडण. सॅनिटायझर फिरवल्यावर टाकी पाण्यानं विसळायची का? दहातले आठ जण ‘अर्थात’ म्हणतात, कारण केमिकल पोटात जाईल ही धास्ती. ज्या पाण्यानं विसळणार ते निर्जंतुक आहे का, हे कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे ते टँकरमधून येतं. म्हणजे तासभर खपून मिळवलेलं पाच मिनिटांत घालवायचं. पेरॲसेटिक ॲसिडचं विघटन होऊन शेवटी ॲसेटिक ॲसिड, पाणी आणि ऑक्सिजन उरतो. ठरल्या प्रमाणात वापरून नीट निथळू दिलं तर विसळायची गरज नाही. विरोधकांचं म्हणणं असं, की मागे राहिलेला ऑक्सिजन बिअर लवकर शिळी करतो, म्हणून मोठे कारखाने विसळतात. खरं आहे. पण त्यांच्याकडे विसळायला निर्जंतुक पाणी असतं, तुमच्याकडे टँकर. घरगुती ब्लीचची गोष्ट निराळी: ते स्टीलला खड्डे पाडतं आणि त्याचा अंश राहिला तर बिअरला दवाखान्याचा वास येतो. ते मी टाकीजवळही येऊ देत नाही.

मुंबईकडच्या एका मायक्रोब्रुअरीचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. तिथे एकाच टाकीतली बिअर पुन्हापुन्हा आंबायची. त्यांनी सॅनिटायझर दुप्पट केलं, तरी आंबायचीच. टाकीखालचा बॉल व्हॉल्व्ह खोलायला लावला. त्यातल्या गोळ्यामागच्या पोकळीत जुनी बिअर साचून राहते आणि तिथे ना कॉस्टिक पोचतं, ना सॅनिटायझर. आत जे निघालं त्याचं वर्णन दिवाळी अंकात शोभणार नाही. बटरफ्लाय व्हॉल्व्ह बसवला आणि बिअर सुधारली. पण मालकांनी घाईघाईत त्याच दिवशी यीस्टही नवं आणलं आणि सगळी गॅस्केटंही बदलली. श्रेय मला मिळालं. खरा गुन्हेगार व्हॉल्व्हच होता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

नव्या ठिकाणी गेलो की सॅनिटायझर कुठल्या कंपनीचं, हे मी शेवटी विचारतो. आधी विचारतो, टाकी कोण धुतं? त्याला गॉगल आणि हातमोजे दिलेत का? कॉस्टिक सोडण्याआधी टाकीतला कार्बन डायऑक्साइड घालवायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलंय का? कॉस्टिक तो वायू शोषून घेतं. बंद टाकीत निर्वात होऊन अख्खी टाकी आत चेपली जाऊ शकते. ब्रूमास्टरचं नाव मेन्यूकार्डावर झळकतं. धुणाऱ्या पोराचं नाव मालकांना आठवावं लागतं. त्याचं प्रशिक्षण आणि पगारवाढ या माझ्या अहवालातल्या पहिल्या दोन शिफारशी. मालक त्या वाचतात, मान डोलावतात आणि म्हणतात, ‘ते करूच हो. पण याहून स्ट्राँग काही येतं का?’