जागा भरणे आहे

अवकाशात हवा नसते, म्हणून तिथं आवाज पोचत नाही, असं आम्हांला शाळेत शिकवलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी आमच्या नातवाचं स्पेस स्टेशन ऐकलेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. भाजीबाजार, लग्नाची पंगत आणि पाणी गेल्यावरचा सोसायटीचा जिना, हे तिन्ही एकत्र केले तरी होणार नाही एवढा गलका त्या एका स्टेशनवर असतो.

हे स्टेशन खरं नव्हे. ते नातवाच्या कॉम्प्युटरात आहे. 'स्पेस स्टेशन थर्टीन' असं खेळाचं नाव. २००३ साली हा खेळ प्रथम आला, तो म्हणे बंद जागेत हवा आणि वायू कसे पसरतात त्याचा प्रयोग म्हणून. पुढं त्याचा प्रोग्रॅम सगळ्यांना खुला झाला आणि ठिकठिकाणच्या मंडळींनी तो आपापल्या चवीनं शिजवायला घेतला. आमटीचं होतं तसंच. डाळ एकच, पण घरागणिक फोडणी निराळी.

चित्रं अगदी साधी. वरून पाहिल्यावर खोल्या दिसतात आणि त्यांत इवलीइवली माणसं फिरताना दिसतात. पण ती माणसं खरी असतात, म्हणजे एकेका बाहुलीमागं कुठंतरी एकेक माणूस कॉम्प्युटरला डोळे लावून बसलेला असतो. प्रत्येकाला एक हुद्दा मिळतो. कॅप्टन, इंजिनिअर, डॉक्टर, आचारी, माळी, ग्रंथपाल, वकील, झाडूवाला, धर्मगुरू असे सगळे आहेत. शिवाय एक विदूषक, जो केळ्याच्या साली टाकून लोकांना पाडतो, आणि एक मौनव्रत घेतलेला मूकाभिनयवाला.

"विदूषकाला नोकरीवर ठेवलंय?" मी विचारलं.

"अगं आजी, तो कंपनीच्या पगारावर असतो," नातू म्हणाला.

यात मला काही नवल वाटलं नाही. मी एकतीस वर्षं नोकरी केली आहे.

या मंडळींत एखाददुसरा गद्दार असतो. तो कोण ते त्याचं त्यालाच ठाऊक. बाकीच्यांनी आपापली कामं करायची आणि गद्दारानं ती बिघडवायची, असा तासा-दीड तासाचा संसार. शेवटी बहुधा स्टेशनला भगदाड पडतं, इंजिन उधळतं, आणि उरलेसुरले लोक संकटकाळच्या यानात कोंबून परत जातात. आमच्या काळी यष्टीला जशी शेवटची गाडी असे, तसं ते यान. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सोय तेवढी नाही.

आता मूळ मुद्दा. स्टेशनवर प्रत्येकाच्या कानाला रेडिओ असतो. वाक्याआधी अर्धविराम टाकला की तुमचं बोलणं सगळ्या स्टेशनला ऐकू जातं. (व्याकरणाच्या पुस्तकात अर्धविरामाला एवढा अधिकार कधी मिळाला नव्हता.) शिवाय डॉक्टरांची वेगळी वाट, इंजिनिअरांची वेगळी, साहेबलोकांची वेगळी. पण घाई झाली की सगळे एकाच वाटेवर येतात. एका संध्याकाळी मी नातवाच्या मागं गवार मोडत बसले होते आणि तो मला मराठीत सांगत होता. इंजिनिअर म्हणाला, "भिंतीला भोक पडलंय, हवा चाललीय." त्याच क्षणी आचारी म्हणाला, "बटाटे संपलेत." कोणी म्हणालं, "माझं दार उघडा रे." चौथ्यानं विचारलं, "कॅप्टन कुठाय?" त्यावर कॅप्टन म्हणाला, "त्या दारामागंच."

दोन मिनिटांत इंजिनिअर गेला. बटाटे मात्र पोचले.

"यांचं एक्स्चेंज कुठं असतं?" मी विचारलं.

"कसलं एक्स्चेंज?"

"टेलिफोनचं. ही लाइन तिकडं जोडायची, ती इकडं, हे बघणारं माणूस कोण?"

नातवानं नकाशा दाखवला. रेडिओची यंत्रं होती, ती मोडली तर अख्खं स्टेशन मुकं होतं हेही होतं. घोषणा करायला आणि ते संकटाचं यान बोलावायला एक वेगळं टेबल होतं. म्हणजे यंत्र होतं, टेबल होतं, खुर्ची होती. खुर्चीत माणूस नव्हतं. निदान हा खेळतो त्या मंडळींच्या स्टेशनवर तरी नव्हतं.

माझ्या हातातली गवार तशीच राहिली. कारण मी ट्रंक एक्स्चेंजमध्ये होते. ज्यांना ट्रंक कॉल म्हणजे काय ते ठाऊक नाही अशा तरुण वाचकांसाठी सांगते, की पूर्वी परगावी बोलायचं तर कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा त्याच्या तीन जाती. लाइटनिंगला पैसे फार पडत, म्हणून तो लावणाऱ्याच्या घरी एक तर फार आनंद असे किंवा फार दुःख. डायल फिरवून थेट परगावी बोलायची सोय १९६० साली कानपूर आणि लखनौच्या दरम्यान सुरू झाली खरी, पण ती सगळीकडं पोचेपर्यंत आमच्यासारख्या बायका कानाला हेडसेट लावून "हॅलो नागपूर, हॅलो नागपूर" करत बसलेल्या असत. कुठला कॉल आधी लावायचा, कुणाला थांबवायचं, आणि थांबलेल्या माणसाला आपण विसरलेलो नाही हे कसं सांगायचं, हेच आमचं काम.

मी नातवाला म्हटलं, "खेळ चालवणाऱ्यांना अर्ज लिही. जागा निर्माण करावी म्हणून."

अर्ज मी मराठीत सांगितला, त्यानं इंग्रजीत उतरवला. हुद्द्याच्या नावावरूनच पहिला खोळंबा. मी म्हटलं, 'दळणवळण अधिकारी'. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "दळण कळलं, वळण कुठलं?" शेवटी नातवाच्या 'कम्युनिकेशन्स ऑफिसर'वर तडजोड झाली. कलमं येणेप्रमाणे :

एक, हा अधिकारी सगळ्या वाटा ऐकेल. दोन, तो कुणालाही हुकूम देणार नाही, फक्त निरोप पोचवील. तीन, जिवाचा निरोप आधी, यंत्राचा नंतर, बटाट्याचा शेवटी. चार, निरोप ज्याला पोचला त्यानं तो परत म्हणून दाखवायचा. पाच, ऐकलेलं पोचवायचं, वापरायचं नाही.

"आजी, पण यात मजा काय?" नातू म्हणाला. "इंजिनिअरला इंजिन असतं, डॉक्टरला ऑपरेशन असतं. हा नुसता बसून काय करणार?"

हा प्रश्न मी एकतीस वर्षं ऐकलेला आहे, त्यामुळं उत्तर तयार होतं. अमेरिकेत १९६६ साली 'स्टार ट्रेक' मालिका सुरू झाली, तिच्यात यानावरची संपर्क अधिकारी होती लेफ्टनंट उहुरा. ते काम निशेल निकोल्स करायच्या. वाट्याला वाक्यं थोडी, म्हणून पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडायला निघाल्या होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून त्यांना थांबवलं, ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. काळ्या वर्णाची स्त्री, यानाच्या मुख्य कक्षात, बरोबरीच्या मानानं बसलेली लोकांना दिसते आहे, ती जागा सोडू नका, असं त्यांचं म्हणणं. पुढं १९७७ साली नासानं अंतराळवीरांच्या भरतीचा प्रचार त्यांच्याकडं दिला. खुर्चीत नुसतं बसण्यालाही किंमत असते ती अशी.

"ती मालिका झाली," नातू म्हणाला. "खऱ्या स्टेशनवर असतो का असा कोणी?"

खरं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतं. २ नोव्हेंबर २००० पासून तिथं माणसं सलग राहतायत. त्यांच्यात अशा हुद्द्याचं माणूस नाही, कारण ते खाली असतं. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात डझनभर तज्ज्ञ असतात, पण वरच्यांशी बोलायचं ते एकानं. त्या माणसाला 'कॅपकॉम' म्हणतात. १९६० च्या दशकातल्या मर्क्युरी यानांपासूनची ही पद्धत, आणि पूर्वी तिथं बहुधा अंतराळवीरच बसवत. कारण वर बसलेल्याला त्या वेळी काय ऐकावंसं वाटतं, ते वर जाऊन आलेल्यालाच कळतं. शिवाय हंट्सव्हिल, म्युनिक, त्सुकुबा आणि मॉस्को इथूनही बोलणं चालतं. पाच ठिकाणांहून बोलतात, पण एकाच वेळी पाच जण ओरडत नाहीत.

आपल्याकडचं बघा. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्यूत ७ वर गेले आणि इंदिरा गांधींशी त्यांचं बोलणं झालं. त्यातला एक प्रश्न आणि एक उत्तर अजून लोकांना पाठ आहे. २८ जून २०२५ ला शुभांशु शुक्ला यांच्याशी पंतप्रधान मोदींचं बोलणं झालं, तेव्हाही घरोघरी टीव्ही लागले. प्रश्न विचारणारा लक्षात राहिला, उत्तर देणाराही राहिला. लाइन जोडून, श्वास रोखून बसलेलं माणूस मला तेवढं दिसत होतं, आणि ते दोन्ही वेळा पडद्यावर नव्हतं.

आणि निरोप चुकला की काय होतं? २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ पोचलेलं 'मार्स क्लायमेट ऑर्बायटर' नाहीसं झालं. एका गटाचे आकडे पौंडांच्या हिशेबात, दुसरा गट ते न्यूटनच्या हिशेबात धरून चाललेला. यंत्र शाबूत, गणित शाबूत, फक्त "तुमचा आकडा कशातला?" हे विचारायचं राहिलं. माझं चौथं कलम तेच आहे. आम्ही गावाचं नावसुद्धा दोनदा म्हणवून घ्यायचो.

नातू गप्प झाला. म्हणाला, "बरं, पण मूकाभिनयवाल्याचं काय? तो तर बोलतच नाही."

त्याच्यासाठी मी सहावं कलम घातलं, आणि त्याचं कारण मी घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. एका रात्री मी एक लाइटनिंग कॉल जोडून दिला. दोन्हीकडून "हॅलो" झालं आणि मग काहीच नाही. लाइन तुटली असेल म्हणून मी तपासली. शाबूत होती. दोन माणसं दोन गावांत रिसीव्हर धरून नुसती बसली होती. तीन मिनिटं झाली. मी नेमाप्रमाणं "आणखी वाढवू का?" विचारलं. एक बाई म्हणाल्या, "हो." आणि पुन्हा शांतता. त्या बाई कोण, काय झालं होतं, मला आजही ठाऊक नाही. पण कॉल झालेला होता, एवढं मात्र मी कुठल्याही कोर्टात सांगेन. म्हणून कलम सहा : न बोलणाऱ्यालाही लाइन द्यावी.

नातवानं ते कलम टाइप केलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "आजी, तू रोज किती लोकांना जोडायचीस?" घरात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं.

अर्ज गेला. आठवड्यात उत्तर आलं की महिनाभर प्रयोग करून बघू. मी खूश झाले, ते कारण वाचेपर्यंत. माझी पहिली चार कलमं त्यांना ठीकठाक वाटली होती. पाचवं अतिशय आवडलं होतं. सगळं ऐकणारा माणूस जर स्वतःच गद्दार निघाला, तर काय बहार येईल, असं त्यांचं म्हणणं! ज्या कलमात मी नोकरीची सगळी अब्रू ठेवली, तेच त्यांना मोडण्यासाठी हवं होतं.

"अगं, पण त्याशिवाय पाळण्याला तरी काय अर्थ?" नातू म्हणाला. "मोडता आलं पाहिजे, आणि तरी मोडायचं नाही. मगच खेळ."

सतरा वर्षांच्या मुलानं हे बोलावं आणि मी ऐकून घ्यावं, असा तो प्रसंग. पण खोटं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्या खुर्चीत आम्ही दोघं बसलो. बोटं त्याची, डोकं माझं. भोक पडलं, इंजिनिअरला वाट मोकळी करून दिली, डॉक्टरला आधीच उठवलं, आचाऱ्याला सांगितलं, बटाटे येताहेत, तोवर भात लावा. कॅप्टनचं दार उघडवलं. मूकाभिनयवाला काचेबाहेर येऊन हातवारे करून गेला. वायूची नळी फुटली आहे असं त्याला म्हणायचं होतं, ते मी ओळखलं. नळी दुरुस्त झाली. दीड तासानं सगळे सुखरूप यानात बसले, विदूषकासकट.

नंतर खेळाडूंचे अभिप्राय आले. निम्म्यांनी लिहिलं, "आज काही घडलंच नाही. कंटाळा आला."

नातू हिरमुसला. मी त्याला म्हटलं, हे आमच्या खात्यातलं सर्वोच्च प्रशस्तिपत्रक आहे. लाइन नीट लागली की लोक म्हणतात, आज फोन लागला. लावला असं कोणी म्हणत नाही.

जागा तूर्त तात्पुरती मंजूर झाली आहे. दर खेळाला एकच माणूस, आणि त्याला गद्दार होण्याची मुभा. पगार शून्य. पण श्रेणी विदूषकाच्या एक पायरी वर ठेवली आहे, हे मी आमच्या ह्यांना दोनदा सांगितलं. पहिल्या वेळी त्यांनी ऐकलंच नव्हतं, आणि दुसऱ्या वेळी चौथ्या कलमाप्रमाणं परत म्हणून घेतलं.